बोर्डावरचं बटण

"दुकान बंद करताना कॉम्प्युटर नुसता झोपवायचा, बोर्डावरचं बटण बंद करायचं न्हाई!" नागसेननं बायकोला, संजीवनीला, बजावून ठेवलं होतं. का, ते नीट सांगेल तर तो नागसेन कसला! "रातभर फुकट लाइट का जाळायची?" असं ती म्हणायची. यावरून एकदा दोघांचं चांगलंच वाजलं आणि घरात अबोला सुरू झाला. त्याच संध्याकाळी संजीवनीनं भोरचं झेरॉक्सचं दुकान बंद करताना ते बटण मुद्दाम खटकन बंद केलं.

सकाळी आंबवड्याहून एसटीनं येऊन तिनं शटर वर केलं, तर स्क्रीन काळाठिक्कर. जुनं मशीन रखडत सुरू होईपर्यंत सातबारा काढायला आलेली माणसं वैतागून निघून गेली. तिनं शेजारच्या दुरुस्तीवाल्या कुमारला हाक मारली.

"रोज मी यायच्या आधी आपोआप उठतो की रे हा. आज काय झालं?"

"आपोआप कुठला, ताई? तुमी एसटीत बसलात, की दाजी घरनं मोबाईलवर त्याला उठवत्यात. तुमचा खोळंबा नको म्हणून माज्याकडनंच करून घेतलंय त्यांनी. पण बटण चालू पायजे."

त्या संध्याकाळी तिनं बटण चालू ठेवलं. घरी अबोला मात्र तसाच.

दुसऱ्या सकाळी एसटीच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता तिनं मागं वळून पाहिलं. गोठ्याच्या दारात नागसेन मोबाईलमध्ये डोकं घालून उभा होता.

सगळी एसटी ऐकेल अशा आवाजात संजीवनी ओरडली, "अवो, उठवला का?"