खाज

"खाज येते का, आजी?"

रुक्माबाईनं नाही म्हणून मान हलवली. तळहातांवर झाडाच्या सालीसारख्या जाड खपल्या, कोपरं फुटलेली, नखं पिवळी. पण खाज म्हणून नाही. सडक अर्जुनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तिच्या हातावरून कापूस फिरवत होत्या आणि त्यांच्या कपाळावरची आठी काही केल्या सुटत नव्हती.

"महारोगच आहे, मॅडम," लेक भुपेंद्र दारातूनच बोलला. "सारं गाव म्हनते. तुमी चिठ्ठी द्या. आजच कुष्ठाश्रमात नेऊन टाकतो मायले."

"कापूस कळतो तिला. कातडी बधिर नाही. घरात दुसऱ्या कोणाला खाज सुटते का?"

"कोनालेच नाही. कोठ्यात ठेवलं तिले, ढोराईजवळ. ताट दुरूनच सरकवतो. कोनी शिवत नाही."

म्हातारीशेजारी उभ्या सुनेनं, दुर्गेश्वरीनं, पदराखाली मुठी आवळल्या. नवरा शेतावर गेला की सासूच्या त्या हातांना ती करंजीचं तेल चोळायची, हे त्याला कुठं ठाऊक होतं! बोटांच्या बेचक्यांत पुरळ उठल्यापासून कंबर दुखण्याचं निमित्त करून ती त्याच्यापासून निराळी निजत होती. खाज सुटली की तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आता बोलावं, तर कोठ्यात दुसरी खाट पडणार. गप्प बसावं, तर म्हातारी जाणार.

"मले आहे खाज," ती एकदम म्हणाली आणि हात बाहेर काढले. "मीच चोळतो मायले तेल. रोज."

भुपेंद्र दोन पावलं मागं सरला. डॉक्टरीणबाईंनी मात्र ती बोटं उजेडात धरून पाहिली, लगबगीनं म्हातारीच्या खपल्या काचेवर खरवडून घेतल्या आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काचेवर बारीक किडे वळवळत होते.

"महारोग नाही, खरूज आहे ही. म्हातारपणी कधी कधी ती अशी वेगळ्याच रूपात येते, खपल्या ढीगभर आणि खाज नाही. औषधानं जाईल. पण शिवल्यानं लागते, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी औषध लावायचं."

दुर्गेश्वरी सासूचा हात धरून रडू लागली.

"मले कायले औषध?" भुपेंद्रनं दोन्ही हात पुढं केले. "पाहा ना, मले त काहीच नाही झालं."

रुक्माबाई लेकाच्या त्या हातांकडं कितीतरी वेळ पाहत राहिली. हात अगदी स्वच्छ होते.