मागची रांग

“बूट सोडून काहीही माग,” कर्नल ट्रेसिडर म्हणाला आणि त्याने ऊ त्वेचा हत्ती मारला.

दोघं ऊ त्वेच्या घराच्या पायरीवर बुद्धिबळाचा पट मांडून बसले होते. ऊ त्वे हा ब्रह्मदेशातल्या या डोंगरी शान संस्थानाचा मंत्री, आणि कर्नल म्हणजे इथला इंग्रजांचा वकील. दोस्ती अकरा वर्षांची. पण एवढ्या वर्षांत कर्नल कधी पायरी ओलांडून घरात आला नव्हता, कारण घरात यायचं तर बूट काढावे लागतात. हा बुटांसकटच जन्मला असणार, असं बाजारातल्या बायका म्हणायच्या. तरुणपणी एका लढाईत त्याच्या उजव्या पायाला गोळी लागली होती. तिचं पदक छातीवर होतं आणि लंगडणं चालीत.

म्हातारा राजा त्याला बागेत भेटायचा, तिथे बुटांचा प्रश्नच नव्हता. नवा राजा विशीतला आणि हट्टी. तहाला तो तयार होता, पण दरबारात, गादीसमोर. आणि तिथे सगळे अनवाणी. तह झाला नाही, तर नदीपलीकडे थांबलेली इंग्रजी पलटण पौर्णिमेनंतर आत शिरणार होती. वेशीच्या दरवाजावर ऊ त्वेचा एकुलता मुलगा ल्विन पहाऱ्याला होता.

“अरे म्हाताऱ्या, घटकाभराचं तर काम,” ऊ त्वे म्हणाला. “सही कर, बूट घाल आणि चालता हो. तुझ्या राणीचं काय जातं?”

“तिची अब्रू जाते.”

“ती तुझ्या पायांत कधीपासून राहायला आली?”

कर्नल हसला. ऊ त्वेला धीर आला. दरबारात कोणी कुठे बसायचं हे ठरवणं त्याचंच काम. त्याने डाव मोडला आणि मोहरी सरकवून बैठक मांडून दाखवली. “हा राजा. हा समोर तू. पाय मागे दुमडून बसायचं, राजाकडे तळवे करायचे नाहीत. म्हणजे राजाला तुझे पाय दिसणारसुद्धा नाहीत. आणि मागच्या रांगेत कोण? तुझेच चार अधिकारी. सगळी घरचीच माणसं.”

कर्नलचं हसू मावळलं. तो त्या चार मोहऱ्यांकडे बघत राहिला. हातातला चिरूट विझला तरी त्याला कळलं नाही. मग तो उठला.

“नाही जमायचं, त्वे,” तो म्हणाला. “पोराला वेशीवरून काढून घे.”

ऊ त्वेने पोराला काढून घेतलं नाही. मंत्र्यानेच आपला मुलगा लपवला, तर बाकीच्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? पौर्णिमेनंतर तोफा आल्या. ल्विन पहिल्याच सकाळी गेला. राजाला बोटीत घालून कुठेतरी दूर नेलं.

कर्नल इथेच राहिला आणि पुढच्या पावसाळ्यात तापाने मेला. लढाईनंतर ऊ त्वेने त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. आता मरणाच्या बातमीसोबत त्याची शेवटची इच्छाही कानावर आली. मला बुटांसकट पुरा, असं तो सांगून गेला होता.

ऊ त्वेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तडक कर्नलच्या घरी गेला. प्रेताशेजारी पलटणीचा डॉक्टर पिम एकटाच बसला होता.

“याच्या अब्रूपायी माझं पोर गेलं,” ऊ त्वे म्हणाला. “आता तरी बूट निघतील.”

डॉक्टर आडवा यायच्या आत त्याने उजवा बूट ओढून काढला. मग मोजाही काढला आणि त्याचा हात तिथेच थांबला.

अंगठा नव्हता. गोळी पावलाच्या वरून शिरून तळव्यातून बाहेर पडली होती, आणि वरच्या व्रणाभोवती बंदुकीच्या दारूचे काळे कण गोंदल्यासारखे कातडीत रुतले होते.

डॉक्टरने वाकून तो पाय पाहिला. मग उठून दार लावून घेतलं.

“शत्रूची गोळी अशी लागत नाही,” तो म्हणाला. “बंदूक पावलावर टेकवायची आणि आपणच चाप ओढायचा. लढाईतून सुटायला. तेव्हाच्या गडबडीत कुणी नीट बघितलं नसेल. एरवी पलटणीतलं कालचं पोरसुद्धा हा पाय ओळखेल. नुसता दिसला की पुरे.”

“पण त्याला पदक आहे.”

“हो,” डॉक्टर म्हणाला. “त्याच लढाईचं.”

 ऊ त्वेला पायरीवरचा तो पट दिसला, आणि त्याने स्वतःच्या हाताने मागच्या रांगेत मांडलेली चार मोहरी. बूट अजून त्याच्या हातात होता.

“अरे, मला एकदा सांगायचंस,” तो त्या उघड्या पावलाला म्हणाला. “तुझ्या मागे मी बसलो असतो.”