आठ ट्राय

सातव्यांदा शिवलीला बॉल घेऊन फक्कीच्या रेषेपलीकडं पोचली, आणि तिला शंका आली. आज इतकं सोपं कसं काय चाललंय?

जळकोटच्या शाळेचं मैदान. जिल्ह्यातल्या चौदा पोरी, सात इकडं, सात तिकडं. रग्बी तसा सरळ खेळ आहे. बॉल छातीशी धरून पळायचं आणि समोरच्या रेषेपलीकडं टेकवायचा. समोरच्यांनी तुम्हाला कमरेला नाहीतर पायाला मिठी मारून खाली पाडायचं. नाही पाडलं, तर तुमचा ट्राय. आणि शिवलीलाला आज कुणीच पाडत नव्हतं.

"वा गं वाघिणी!" उमाशंकर सर तोंडातली शिट्टी काढून ओरडले. "सात झाले, सात!"

सर शाळेत खेळ शिकवायचे. आज त्यांच्या हातात वही होती. भारताच्या संघाची निवड चाचणी पुण्याला होती आणि जिल्ह्यातून तिकडं एकच नाव जायचं होतं, तेही आज दुपारच्या आत. नाव ठरल्यातच जमा होतं म्हणा. तीन वर्षांपूर्वी शिवलीलानं भारताची जर्सी घातली होती. जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या पोरीनं ती अजून घातलेली नाही. तिला ती परत घालायची होती. लई घालायची होती. पंचविशी सरत आली होती, यंदा हुकलं की हुकलंच, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

आठव्यांदा निघाली तेव्हा तिनं पळता पळता मुद्दाम समोरच्या पोरींकडं बघितलं. तर काय दिसावं? पहिली पोरगी चक्क बाजूला सरकली, पाहुण्याला वाट द्यावी तशी. दुसरीनं मिठी मारायला हात पुढं केले आणि मागं घेतले. तिसरी होती शरणम्मा. कर्नाटकच्या हद्दीकडल्या वाडीवरची, लुकडी, महिन्याभरापूर्वीच खेळायला आलेली. तिनं मात्र खरंच झेप घेतली, शिवलीलाच्या कमरेला हातही घातले. पण त्या झटापटीत तिचा पाय शिवलीलाच्या पायाला लागला. झालं! मोठ्या माणसाला पाय लागला म्हणून बयेनं भर खेळात मिठी सोडली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "तप्पायतु, अक्का." चुकलं म्हणे! तोवर शिवलीला रेषेच्या पार.

"आठ!" सर ओरडले.

हसावं का रडावं शिवलीलाला कळेना. हे आठ ट्राय तिच्या पायांचे होते, का तीन वर्षांपूर्वीच्या त्या जर्सीचे? गप बसली असती तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. नाव तिचंच जाणार होतं. पण एकदा डोक्यात शिरलं की तिला राहवायचं नाही. खरंच आपण आता किती पळतो? बघू तरी!

तिनं पोरींना गोळा केलं. "मी कोण हाय गं?"

"ताई."

"मैदानात ताई-बिई कोण न्हाय. पाय लागला तर लागू दे. मला पाडा."

पोरी एकमेकींकडं बघून खुदूखुदू हसल्या. शरणम्मा तेवढी हसली नाही. "खरंच पाडू?"

"खरंच पाड."

पहिल्यांदा शरणम्मानं तिला पाडलं तेव्हा शिवलीला म्हणाली, पाय घसरला. कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाली. दुसऱ्यांदा तिनं डावीकडं वळल्यासारखं करून उजवी बाजू धरली. तिचा हा डाव पार दिल्लीपर्यंत चाललेला. शरणम्मा फसलीच नाही. शिवलीलाच्याच तोंडात माती गेली. तिसऱ्यांदा शिवलीला जीव खाऊन पळाली, रेषा दहा पावलांवर आली, तेवढ्यात मागून येऊन त्या पोरीनं दोन्ही गुडघ्यांना मिठी मारली.

पडल्या पडल्या शिवलीलाला राग आला. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. पण रागापेक्षा नवल जास्त वाटत होतं.

"मी कुठं वळणार, तुला कळतं कसं गं?"

"अक्का, तुमी तोंडानं फसवता," शरणम्मा धापा टाकत म्हणाली. "म्या कमरंकडं बघते. शेरडं धरताना बी तसंच. तोंड इकडं असतंय, पळतंय तिकडं."

मग शिवलीलानं बॉल तिच्या हातात दिला आणि स्वतः पाडायला उभी राहिली. पाच वेळा उभी राहिली. एकदा पाडलं.

ती सरांकडं गेली तेव्हा वहीत तिचं नाव लिहून झालं होतं.

"सर, शरणम्माचं नाव घाला."

सर हसले. "आज तुझं अंग जड हाय. व्हतंय असं कधीमधी. अगं, तुझं नाव वाचलं की पुण्यातले लोक खुर्ची सोडून उठतेत. हिला कोण ओळखतंय तिकडं?"

बरं, राहू द्या माझंच, असं म्हणून टाकावं असं शिवलीलाला फार वाटलं. शब्द ओठांवर आलेसुद्धा.

"मला तरी कोण ओळखत हुतं, सर?" ती म्हणाली. "तुमीच धाडलं हुतं न्हवं?"

सरांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी लिहिलेल्या नावावर रेघ ओढली. शिवलीलानं तोंड फिरवलं.

"ए पोरी, इकडं ये," सरांनी हाक मारली. "पूर्ण नाव सांग तुझं."

शरणम्मा पळत आली. सरांचा चेहरा गंभीर, हातात पेन, अक्का पाठमोरी उभी. पोरीचं तोंडच उतरलं.

"नाव नका लिहू, सर," ती हात जोडून म्हणाली. "परत न्हाय पाडणार अक्काला."