पाचापैकी तीन

“तीनच तारे, सर? माझं काय चुकलं ते तरी सांगा!”

शिवणवाल्या ताई दारातच उभ्या होत्या. गळ्यात टेप, बाहीला चिकटलेले दोरे, हातात मोबाइल. चार जिने चढून दम लागला होता, पण राग दमाहून मोठा होता. सरांनी आधी चष्मा शोधला. भाषा शिकवून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना चष्म्याशिवाय नीट ऐकूसुद्धा येत नसे.

भानगड अशी होती. त्या वसाहतीतले लोक ‘शेजार’ नावाच्या अ‍ॅपवरून एकमेकांना वस्तू वापरायला देत. कुणाची शिडी, कुणाची घडीची खाट, कुणाचं वजन करायचं यंत्र. वस्तू परत आली की देणाऱ्याने घेणाऱ्याला आणि घेणाऱ्याने देणाऱ्याला पाचापैकी तारे द्यायचे. घेणाऱ्याची सरासरी चारच्या खाली गेली, की सहा महिने त्याचं खातं बंद; आणलेलं परत करायचं आणि नवं काही मिळत नसे. रिळांची फळी लावायची म्हणून ताईंनी सरांचं ड्रिल मशीन नेलं होतं. काम झाल्यावर पुसून, वायर गुंडाळून, ठरल्या वेळेच्या आधी आणून दिलं. एवढं करून पदरात पडले तीन.

“आज संध्याकाळी माझं खातं बंद होणार,” ताई म्हणाल्या. “पलीकडच्या इमारतीतल्या मावशींचं कापडाच्या कडा शिवायचं ओव्हरलॉक मशीन आणलंय मी, ते परत करावं लागेल. दवाखान्याचे चाळीस अ‍ॅप्रन अर्धवट पडलेत घरात. माझी पहिली मोठी ऑर्डर आहे ही. हातातोंडाशी आलेला घास जातोय, सर.”

“खातं बंद?” सर गोंधळले. “अहो, पण मी तर तुमचं कौतुक केलंय!”

“तीन तारे देऊन?”

“पाचापैकी तीन म्हणजे साठ टक्के. पहिला वर्ग!” सरांचा चेहरा उजळला. “त्या रंगाऱ्याने शिडी नेली होती, त्याला दोनच दिले. पायऱ्यांवर रंगाचे डाग होते. तुम्ही वायर गुंडाळून दिलीत, म्हणून एक वाढवला.”

ताईंना हसावं की रडावं कळेना. अख्खी वसाहत या माणसाला खडूस म्हणत होती. रंगाऱ्याचं खातं बंद पडलं होतं. सरांची शिडी महिनाभर भिंतीला टेकून होती आणि तिच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. त्यांचं बघून बाकीचेही हात आखडून तारे देऊ लागले होते. आणि सर मात्र खुशीत होते. रंगाऱ्यासकट वर्ग अख्खा पास होता ना!

“मग पाच कुणाला देता तुम्ही?”

“पैकीच्या पैकी?” सर दचकलेच. “चौतीस वर्षांत एकालाही नाही. माणसाला सुधारायला थोडी जागा ठेवावी.”

“माझ्या स्वयंपाकाला एक्केचाळीस वर्षं ‘ठीक’ म्हणतायत,” आतून काकूंचा आवाज आला. “मला सवय आहे. पण तिच्या पोटावर पाय येतोय, अहो! बदला ते आधी.”

सर खुर्चीत बसले. त्यांना खरोखर वाईट वाटलं. आपल्या शाबासकीने कुणाचं काम अडेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांनी मोबाइल काढला आणि एका बोटाने टकटक करत पाच तारे दिले. अ‍ॅपने कारण विचारलं. पुष्कळ विचार करून त्यांनी लिहिलं, ‘तपासणाऱ्याची चूक.’

ताईंचा मोबाइल वाजला. सरासरी चारच्या वर गेली होती. त्यांचा जीव भांड्यात पडला.

“रंगाऱ्यालाही बदलून देतो. त्याला फोनच करतो,” सर म्हणाले. “पण थांबा, जाऊ नका. तुमच्याकडे माझंही एक काम आहे.”

ते आत गेले आणि ड्रिल मशीन घेऊन आले. त्याच्या टोकाला नवं कोरं बिट लावलेलं होतं.

“तुम्ही मला एक तारा दिलात,” सर म्हणाले. “दोन दिवस विचार करत होतो. मग लक्षात आलं, बिट बोथट झालं असणार. तुमचं बरोबर होतं. दुसरं आणलं काल.”

ताईंचे कान तापले. बिट बोथट नव्हतंच. लोण्यात सुरी जावी तसं ते भिंतीत गेलं होतं. सरांचे तीन तारे पाहून त्यांचं डोकं फिरलं होतं आणि तिथल्या तिथे त्यांनी एक तारा ठोकून दिला होता.

सरांनी मशीन त्यांच्या हातात ठेवलं.

“घेऊन जा, एखादं भोक पाडून बघा. घाई नाही,” ते हळूच म्हणाले. “या वेळी पास होण्यापुरते दोन तरी मिळतील का?”