दिवसाची वाघूर

सृष्टी दात घासत गॅलरीत आली, तेव्हा धोंडुबाईनं निम्मी जाळी सोडून खांद्यावर टाकली होती.

"आज्जी, काय करतीयस?"

"उजाडलं," धोंडुबाई म्हणाली आणि पुढच्या गाठीला लागली.

जाळी कालच संध्याकाळी लागली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या गॅलरीतून भिंगरी मांजरी रोज गुलमोहराच्या फांदीवर उडी घ्यायची आणि निम्मी सांगली हिंडून यायची. ते बंद व्हावं म्हणून धोंडुबाईच्या लेकानं, दादासोनं, स्वतः उभं राहून नायलॉनची जाळी आवळली होती. गाठी अशा, की बैलजोडी जुंपली तरी हलू नयेत. पण धोंडुबाईची साठ वर्षं मेंढरांमागं गेलेली. तिनं नुसतं रोखून बघितलं की गाठ लाजून सैल होते, असं आटपाडीकडचे लोक सांगतात, आणि त्यांना खोटं बोलून काय मिळणार?

भिंगरी कठड्याखाली बसली होती. रात्रभर ओरडून तिचा घसा बसला होता.

सृष्टीनं चूळ भरली आणि मांजरीला उचलून छातीशी धरलं. "हिचा कान बघ. अर्धाच राहिलाय."

"त्या बोक्याला बघितलंस का? त्यो आता ह्या गल्लीतनं जात न्हाई."

शेजारच्या गॅलरीत सुमंतकाका चहाचा कप घेऊन उभे होते. त्यांनी घसा साफ केला. "आजी, जाळी राहू द्या. परवा ती माझ्या कोथिंबिरीच्या कुंडीत चक्क लोळत होती."

"कोथमीर भायेर ठिवलीया तुमी. घरात घ्या की तिला. लय दिस टिकंल."

सुमंतकाकांनी कपात पाहिलं, आणि चहा संपला नसतानाही ते आत गेले.

"आज्जी, थट्टा नको. डॉक्टरांनी सांगितलंय, घरातली मांजरं पंधरा वर्षं जगतात. बाहेरची पाचसुद्धा काढत नाहीत."

"पंधरा वर्सं करायचं काय हिनं? फरशी चाटायची?" धोंडुबाईनं एक गाठ दातात धरून ओढली. दात मोजके होते, पण कामाचे होते. "पोरी, ही वाघूर हाय. मेंढरांच्या भवतीनं रातची लावत्यात ती. लांडगा रातचा येतो, म्हणून सांज झाली की लावायची, उजाडलं की काढायची. दिवसा लावलेली वाघूर माझ्या बापानं बघितली न्हाई. हिची खापरपणजी आमच्या तळावर हुती. वाघुरीच्या भायेर बसून तिनं लांडग्याच्या नाकाडावर अशी चापट दिली..."

चापट खरी असावी. लांडगा मात्र गेल्या दिवाळीत कुत्र्याएवढा होता, शिमग्याला वासराएवढा झाला होता, आणि आज धोंडुबाईनं हात कठड्याच्या वर नेऊन त्याची उंची दाखवली.

"इथला लांडगा दिवसाच फिरतो," सृष्टी म्हणाली. "दहा चाकांचा असतो. परवा ही डंपरखालून वाचली. मी बघितलंय, तू नाही."

धोंडुबाईचे हात थांबले. खाली रस्त्यावरून खरंच एक डंपर गेला आणि कठड्याचे गज थरथरले. तो वळणाआड जाईपर्यंत ती त्याच्याकडं बघत राहिली.

"व्हय," ती म्हणाली. "न्हेतो लांडगा. माझी किती न्हेली त्यानं. पर त्याच्या भ्यानं मेंढरं दिवसाची कोंडली न्हाईत आमी. तुझा आज्जा जलमभर मोकळा हिंडला. शेवटचा महिना तेवढा गादीवर. त्यो महिना कुणी मागितला आसता तर त्यानं फुकट देऊन टाकला आसता."

तिनं शेवटची गाठ सोडली. समोर गुलमोहराची फांदी होती.

सृष्टीच्या हाताखाली भिंगरीचं काळीज धडधडत होतं. ती सुटायला धडपडत नव्हती. फक्त फांदीकडं बघत होती. सृष्टीनं तिला कठड्यावर ठेवलं.

फांदी हलली. मग बरंच खाली, कंपाउंडच्या भिंतीवर, अर्धा कान दिसला.

धोंडुबाईनं जाळीची नीट घडी घातली, ती नातीच्या हातात दिली आणि दाराकडं गेली. चपला घातल्या, कोपऱ्यातली काठी घेतली.

"कुलूप काढ."

"आज्जी, पप्पांनी सांगितलंय, तुला एकटीला सोडायचं नाही. मागच्या महिन्यात बायपासला मेंढरांचा कळप दिसला म्हणून त्याच्यामागं गेलीस. कवलापूरच्या पुढं सापडलीस. पप्पा रडत होते."

"मी कुठं हरवले हुते? मेंढक्या नवा हुता, वाट दावाय गेले."

"आणि आज परत नाही आलीस तर?"

"सांजंला मेंढरं मोजत्यात. एक कमी भरलं तर बत्ती घिऊन हुडकाय जायचं. रानभर हाका मारायच्या. पर उद्या एखादं कमी भरंल म्हणून आज वाघूर काढायचीच न्हाई, असं कोण करत न्हाई." तिनं काठी फरशीवर टेकवली. "काढतीस, का ह्या गाठीलाबी दात लावू?"

सृष्टीनं गळ्यातली किल्ली काढली.

ती परत गॅलरीत आली, तोवर धोंडुबाई फाटकाबाहेर पडली होती. भिंतीवरून भिंगरी पुढं चालली होती, आणि खाली रस्त्याच्या कडेनं, काठी खांद्यावर आडवी टाकून, तिच्यामागं म्हातारी. घाई दोघींनाही नव्हती.

"आज्जी," सृष्टीनं वरून हाक मारली. जाळी अजून तिच्या हातात होती. "ही परत कधी लावू?"

धोंडुबाईनं मागं वळून पाहिलं नाही.

"दिस बुडला की. पैलं आमी दोघी हाय का मोजून घे, आन मग लाव."