घरटी एक मत

“घरच्यांचं आम्ही घरच्यांना विचारू. तुम्हाला काय हवंय ते सांगा,” टेबलापलीकडची बाई पुन्हा म्हणाली, आणि काचवाल्याची पंचाईत झाली.

तो उत्तर पाठ करून आला होता. गल्लीत ट्रक येणं बंद करायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. बंद झाले तर गल्ली चालणाऱ्यांसाठी मोकळी होणार आणि ज्यांचा माल ट्रकने येतो त्यांना शहराबाहेर शेड मिळणार. काचवाल्याच्या काचा ट्रकनेच यायच्या. खाली दुकान, वर घर. तो काय सांगणार, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आजवर असं काही ठरवायचं झालं की घरटी एका माणसाला बोलावणं यायचं. काचवाला जायचा आणि घराचं मत देऊन यायचा. यंदा पद्धत बदलली. यापुढे कारभार एकेका माणसाला विचारून चालवायचा, असं वर कुठेतरी ठरलं होतं म्हणे. म्हणून प्रत्येक मोठ्या माणसाला वॉर्ड ऑफिसात एकेकटं आत घ्यायचं, दार लावायचं आणि त्याचं नीट ऐकून घ्यायचं. आतली गोष्ट बाहेर फुटणार नव्हती.

“घर म्हणजे काय मंत्रिमंडळ आहे, ज्याला त्याला वेगळं खातं द्यायला?” आदल्या दिवशी जेवताना तो म्हणाला होता. बायको, मुलगा, सून तिघंही हसली. मग त्याने बजावलं, “ट्रक चालू राहू देत, असंच सगळ्यांनी सांगायचं. दुकान इथून हललं की मी संपलो.” यावर कोणी हसलं नाही.

“आमचं म्हणणं असं आहे...” काचवाल्याने सुरुवात केली.

“तुमचं,” बाई म्हणाली. रागावून नाही. तिने पेन खाली ठेवलं आणि ती वाट बघत बसली.

बाहेर कुठेतरी ट्रक मागे घेत होते. तो आवाज ऐकून त्याच्या छातीत धडधडायला लागलं. हल्ली असंच व्हायचं. काचा उतरवताना दम लागायचा. काच कापायची हिरकणी रेघ सोडून भलतीकडेच जायची. वाकडे कापलेले तुकडे मुलगा यायच्या आत तो मागच्या पिंपात टाकून द्यायचा. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. विचारलंच कोणी नव्हतं म्हणा.

“मला...” तो म्हणाला आणि अडला. तो शब्द तोंडात नव्या कवळीसारखा टोचत होता. “मला आता थांबायचंय.”

हे कोण बोललं, म्हणून त्याने मागे वळून पाहिलं. दार बंद होतं.

“म्हणजे ट्रक बंद व्हावेत?”

“होऊ देत,” तो म्हणाला. “दुकान जाऊ दे तिकडे. पोरगा बघेल. मला दुपारी जरा आडवं व्हायचंय.”

बाईने लिहून घेतलं, वाचून दाखवलं. त्याने सही केली. सहीसुद्धा त्याला दुसऱ्याच कोणाची तरी वाटली.

बाहेर बाकावर तिघं आपापल्या पाळीची वाट बघत बसली होती. मुलाने भुवया उंचावून विचारलं. काचवाल्याने मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. तुम्हाला जे हवं ते सांगा रे, एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात शिपायाने बायकोला हाक मारली, ती पदर सावरत आत गेली आणि दार लागलं. तो घरी निघाला. आपण हे काय करून बसलो, याचा वाटभर उलगडा होईना. घराला एक सांगितलं आणि आपण भलतंच बोलून आलो. शेवटी त्याने स्वतःचीच समजूत घातली, एकट्याच्या मताने असं काय होणार आहे?

रविवारी सकाळी त्या बाईने वॉर्ड ऑफिसच्या पायरीवर उभं राहून निकाल सांगितला. ट्रक चालू राहणार. फरक फक्त दोन मतांचा.

“झालं तुमच्या मनासारखं, बाबा,” मुलगा म्हणाला.

घरी चहा झाला. एकदाचं पार पडलं म्हणून सगळी मोकळी झाली होती. सून म्हणाली, “बंद झाले असते तर बाळाला घेऊन जरा खाली तरी उतरता आलं असतं. पण म्हटलं, नको. बाबांचा जीव आहे दुकानात.”

“शेड मात्र झकास होती,” मुलगा हसत म्हणाला. “मी गुपचूप बघून आलो होतो. काचा उतरवायला ऐसपैस जागा.”

काचवाल्याने कप खाली ठेवला. “मग बोलला का नाहीस?”

“तुम्हीच म्हणालात ना, दुकान हललं की मी संपलो. त्यावर काय बोलणार?”

काचवाल्याने बायकोकडे पाहिलं. ट्रकच्या धुळीने तिला बारा महिने खोकला असायचा. आताही ती खोकतच होती.

“आणि तू?” त्याने विचारलं. “तू काय सांगितलंस आत?”

“आता हे काय विचारणं?” ती म्हणाली. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. घराण्याचं नाव राखल्यासारखा तिचा चेहरा उजळला होता. “तुम्ही निश्चिंत असा. या घरातलं एकही माणूस तुमच्या शब्दाबाहेर गेलेलं नाही.”