दारापुढचं पातं

दाराबाहेर गाडी करकचून थांबली. पन्नाशीची एक बाई कोटाची बटणंही न लावता बेकरीत शिरली आणि काउंटर धरून उभी राहिली.

"कधी गेले?" तिने विचारलं.

शिवांगीच्या हातातला पावांचा ट्रे तसाच राहिला. "कोण?"

"माझे वडील. हेंड्रिक!"

शिवांगीने ट्रे काउंटरवर ठेवला. हेंड्रिक आजोबा तासाभरापूर्वी तर तिच्यावर करवादले होते, पाव करपवलास म्हणून. या पवनचक्कीत त्यांनी उभा जन्म धान्य दळलं. मग दळण बंद पडलं आणि २०१५ साली खाली ही बेकरी निघाली, तरी म्हातारा मागच्या खोलीतून हलला नाही. येता-जाता बेकरीतल्या पोरांच्या चुका काढायचा. त्याला मुलगी आहे, हे शिवांगीला आत्ता कळत होतं. आणि तो गेला? तासाभरात?

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पात्यांनी." बाईने खिडकीबाहेर बोट दाखवलं. "आमच्या हॉलंडची रीत आहे. खालचं पातं दारावरून जरासं पुढे नेऊन थांबवलं, की समजायचं घरात कोणी गेलं."

त्याच पात्याच्या टोकाला आकाशकंदील डुलत होता. शिवांगीने निहारकडे पाहिलं. कॉलेज सांभाळून तोही इथेच काम करायचा. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"अगं, मी जस्ट ब्रेक सोडून जरा रोटेट केलं," तो पुटपुटला. "तूच म्हणालीस ना, दिवाळीचा कंदील पार्किंग लॉटमधून दिसायला पाहिजे!"

तेवढ्यात मागचं दार उघडलं. काठी टेकत हेंड्रिक आत आले आणि जागच्या जागी थिजले.

"आनेके?"

बाई किंचाळली. मग मटकन खुर्चीत बसली आणि रडायच्या ऐवजी भडकलीच. "जिवंत आहात! मग ते पातं?"

"सॉरी, आमचा सण आहे," शिवांगी कशीबशी म्हणाली. "आम्हाला माहीत नव्हतं."

"सण! हायवेवरून ते पातं बघितलं आणि गाडी तशीच इकडे वळवली. रोज ओकव्हिलला कामाला जाताना बघते मी, जागेवर आहे ना. रोज..." नको ते तोंडातून निघून गेलं होतं.

म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. "माझा फोन उचलत नाहीस. आणि रोज बघतेस?"

आनेकेने तोंड फिरवलं आणि कोटाची बटणं लावायला घेतली. एकही लागेना.

शिवांगीला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "निहार, पळ! आधी ते पातं जागेवर आण."

निहार धावला. हेंड्रिकनी काठी आडवी घातली.

"थांब रे," ते म्हणाले. "ही जेवून जाईपर्यंत मला मेलेलाच राहू दे."